आत्या काय पुटपुटते

हायकू हा प्रकार पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, यात काहीतरी काळंबेरं आहे. पाच, सात, पाच, अशी मोजून सतरा अक्षरं. तीन ओळी झाल्या की कविता संपली आणि ऐकणारे डोळे मिटून ‘वा’ म्हणणार. भाजीवाला तागडीला बोट लावतो का हे बघितल्याशिवाय मी कधी पाव किलो भेंडीही घेतली नाही. एवढासा माल कोणी कविता म्हणून खपवायला लागलं तर माझ्या कपाळावर आठी येणारच. पण मला संशय आला की त्याच्या मुळाशी गेल्याशिवाय चैन पडत नाही, आणि तशीच मी हायकूत जाऊन पडले.

ही नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी अंबरनाथला एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात टायपिस्ट होते आणि राहायला उल्हासनगरला, कॅम्प पाचमध्ये, दादाकडे. बराकीतल्या दोन खोल्या. शेजारी सिंधी आंटी, आणि मधली भिंत इतकी पातळ की तिकडे पापड भाजला की इकडे आम्हाला भूक लागायची. घरात दादा, वहिनी आणि मी. वहिनी माझ्याच वयाची, त्यामुळे नणंद-भावजय कमी आणि मैत्रिणी जास्त. माझं लग्न झालेलं नव्हतं, आणि होईल असं म्हणणंही एव्हाना सगळ्यांनी सोडून दिलं होतं.

कारखान्यातली एक बाई मला बदलापूरला कात्रपमध्ये एका सरांकडे घेऊन गेली. हे सर शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. नव्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायचे आणि एक रविवार सोडून एक रविवार दुपारी सात-आठ माणसं जमवून हायकू ऐकायचे. फी नाही, वर चहा आणि कांदेपोहे. माझा संशय आणखी वाढला. दोन बैठका झाल्या की हा माणूस कपाटातून विम्याची कागदपत्रं काढणार, नाहीतर पाणी शुद्ध करायचं यंत्र तरी गळ्यात मारणार, याची मला खात्री होती. तिसऱ्या बैठकीलाही त्यांनी तसलं काही काढलं नाही तेव्हा मला थोडं चुकल्यासारखंच झालं.

मग मीही एक हायकू केला.

बर्फात उभे
चिनाराचे एकटे
झाड अबोल

सरांनी तो दोनदा वाचला आणि विचारलं की चिनार कुठे पाहिलात. मी म्हटलं, कॅलेंडरवर. आमच्या कॅम्प तीनच्या कापडवाल्यानं दिवाळीला दिलं होतं. मग त्यांनी बर्फाची चौकशी केली. तो मी फक्त गोळेवाल्याकडे पाहिला होता, तेही सांगितलं. सगळे हसले. मला राग आला आणि सरांना तो दिसला असावा, कारण ते हसले नाहीत. ते म्हणाले, “जे रोज तुमच्या हाताखालून जातं आणि तरी दिसत नाही, ते घ्या. घरातलं घ्या. ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे, अरे, हे तर आमच्याकडेही आहे.”

आमच्या घरात असं काय ठेवलंय, असा माझा प्रश्न होता. पिंप, शेगडी, दोरीवरचे कपडे, आंटीकडून येणारा टीव्हीचा आवाज. पण बघायला लागले आणि खरंच दिसायला लागलं. पिंपाच्या तळाशी उरलेलं पाणी, कापलेल्या लिंबाची सुकलेली फोड, केरसुणीला अडकलेला केसांचा गुंता. ज्या वस्तूंकडे जन्मात ढुंकून पाहिलं नव्हतं त्यांच्यासमोर मी उभी राहायला लागले.

उभी कशी राहायचे, ते सांगणं भाग आहे, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं. हायकू मी कागदावर करत नसे. एका जागी नजर लावायची, ओठांतल्या ओठांत शब्द घोळवायचे आणि अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवत अक्षरं मोजायची. पाचाची सहा झाली की पुन्हा करंगळीपासून सुरुवात. सरांकडे आम्ही सगळेच असे बसायचो. तिथे कोणी परका माणूस चुकून आला असता तर त्याला जपाला बसलेली मंडळी वाटली असती.

त्या वर्षी वहिनीला दिवस होते. दुसऱ्यांदा. पहिला मुलगा झाला होता आणि बारशाच्या आधीच गेला होता. कशानं गेला ते डॉक्टरांनाही नीट सांगता आलं नाही. नाव ठेवायचं राहूनच गेलं, त्यामुळे घरात त्याचा विषय निघाला तरी त्याला काय म्हणायचं हे कोणाला कळत नसे, आणि शेवटी विषय निघणंच बंद झालं. या खेपेला वहिनीनं माहेरी जायचं नाही असं ठरलं. तिचं गाव बारवी धरणाच्या बाजूला, डोंगराच्या कुशीत, एसटी आली तर आली. म्हणून तिची आईच आमच्याकडे येऊन राहिली. मी तिला मावशी म्हणायचे. भातशेतीत राबून काटक झालेली बाई, बोलायला थोडी आणि बघायला तीक्ष्ण.

मुलगा झाला. बाराव्या दिवशी बारसं करायचं तर त्याला कावीळ धरली आणि पुन्हा दवाखाना झाला. बारसं सव्वा महिन्यावर गेलं. तोवर तो नुसताच बाळ.

त्याचं नाव माझ्याकडे तयार होतं. आमच्यात नाव आत्या ठेवते. पाळण्यात वाकून बाळाच्या कानात सांगते, तेव्हा पाठीत बायकांचे धपाटे बसतात, आणि त्यानंतरच ते नाव इतरांना कळतं. मी ते कधीचं ठरवून कोणालाही न सांगता जपून ठेवलं होतं. मला आई व्हायला मिळणार नव्हतं, हे मी तोवर स्वतःशी कबूल केलं होतं. पण आत्या झाले होते, आणि आत्याला सगळ्या जगात हेच एक काम असं आहे की जे दुसऱ्या कोणी करायचं नसतं. पहिल्या वेळी ते माझ्या हातून निसटलं होतं. या वेळी ते मला हवं होतं, आणि किती हवं होतं ते सांगायला सतरा काय, सतराशे अक्षरंही पुरली नसती.

कामावरून आले की हातपाय धुऊन मी पाळण्याजवळ बसायचे. इतका जवळचा विषय दुसरा कुठला मिळणार? बाळाच्या मुठी सारख्या मिटलेल्या असायच्या. मी नजर लावून, पेरं मोजून केला:

मुठीत त्याच्या
काय ते कुणालाही
दाखवेचना

मला तो आवडला. घरात मात्र काहीतरी बदलत होतं. आधी मावशी पाळण्याच्या त्या बाजूला बसायची, ती या बाजूला, म्हणजे माझ्या आणि पाळण्याच्या मध्ये बसायला लागली. बाळाच्या गालावरची काजळाची तीट सकाळी तिळाएवढी असायची आणि मी संध्याकाळी घरी येईपर्यंत चांगली वाटाण्याएवढी झालेली असायची. मी त्याला घ्यायला हात पुढे केले की नेमकी त्याला भूक लागायची, किंवा तो नेमका आत्ताच झोपलेला असायचा. मी आत आले की बोलणं थांबायचं आणि दोघी मायलेकी एकदम तांदळातले खडे बघायला लागायच्या.

आणि रोज संध्याकाळी, मी आल्यावरच, मावशी बाळाची दृष्ट काढायची. मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या बाळावरून उतरून शेगडीतल्या निखाऱ्यावर टाकायची. दृष्ट लागलेली असली की मिरच्या कितीही जाळा, ठसका येत नाही, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतं. आमच्याकडे येत नव्हता. कोणाची लागली असेल यावर मी माझ्यापुरता शोधही लावून ठेवला होता. आंटी बाळाला बघायला आली होती तेव्हा “कितना गोरा है” असं तोंडभर म्हणाली होती आणि वर बोटंही मोडली नव्हती. त्यानंतर मी आंटीशी जरा तुटकच वागत होते. तिनं दिलेली पापडाची थप्पीसुद्धा मी कपाटावर तशीच ठेवून दिली होती.

मिरच्या जळताना मी दारात उभी राहून बघायचे आणि अंगठा पेरांवरून फिरायचा. तो विषय मी सोडते की काय? प्रत्येक घरात असलेला, सरांना हवा होता तसाच होता.

बारसं जवळ आलं. एका संध्याकाळी दादा स्टोव्हकडे बघत म्हणाला की कल्याणच्या ताईला बोलावलंय, नाव तीच ठेवेल. कल्याणची ताई म्हणजे आमची चुलत बहीण. मी विचारलं, का. दादा म्हणाला, तिची पोरंबाळं चांगली आहेत, हात चांगला आहे. मी म्हटलं, माझा हात कसा आहे? दादाला खोटं बोलता येत नाही, आणि खरं बोलायचीही त्याला सवय नाही. तो स्टोव्हला पंप मारायला लागला. बोलली ती मावशी.

“तू बोटांवर काय मोजतंस, ता आधी सांग,” ती म्हणाली. “पोराकडं बघून व्हट हालवतंस. लिंबाकडं बघून हालवतंस. मी माज्या डोल्यांनी बघितलाय.”

मला आधी कळेचना. आणि कळलं तेव्हा अंगाची लाही लाही झाली. लिंबू, केस, केरसुणी, बाळाची मूठ. सरांच्या सांगण्यावरून मी एकेक जवळचा विषय निवडत होते आणि या घरात बसून एक बाई तेच सगळं जोडून माझी करणी सिद्ध करत होती. मी म्हटलं, मी हायकू करते. दादा घाईघाईनं म्हणाला की ती कविता असते, लहान. मावशी म्हणाली, कविता असेल तर मोठ्यानं म्हणून दाखव.

रागाच्या भरात माणसाची अक्कल चरायला जाते. मुठीचा हायकू म्हणता आला असता, पिंपाचा म्हणता आला असता. पण जो सगळ्यात ताजा होता तोच तोंडात आला.

जळे मिरची
कुणालाच ठसका
कसा येईना

मावशी लेकीकडे वळून म्हणाली, “ठसका येत नाय, ता हिला ठावं हाय. का येत नाय, ताबी ठावं असंल.” दादाला हसू आलं. वाईट वेळी हसू येणं हा त्याचा जुना रोग. वहिनीनं पाळण्यातून बाळाला उचललं आणि ती आतल्या खोलीत गेली. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. मला वाटलं, आईसमोर बिचारीचं काही चालत नसेल.

दुसऱ्या दिवशी नळावर आंटीनं मला गाठलं. भिंतीतून तिनं सगळं ऐकलंच होतं. बहिणीला सिंधीत म्हणतात तसं म्हणाली, “अदी, माँ नहीं डरती. बेटी डरती है. माँ तो उसके वास्ते बोली.” मी तिला धड उत्तर दिलं नाही. मला वाटलं, स्वतःवरचा आळ दुसरीकडे ढकलतेय, आणि वर माझ्यात आणि वहिनीत लावालावी करतेय. वहिनी घाबरेल? मला? तापात पडले होते तेव्हा जिनं माझं डोकं मांडीवर घेऊन रात्र काढली ती?

त्या रविवारी मी सरांकडे गेले ती भांडायलाच. तुमच्या जवळच्या विषयांनी माझं घर मोडायची वेळ आली, असं सगळ्यांदेखत म्हणाले. सरांनी ऐकून घेतलं. बाकीचे गेल्यावर आवाज खाली आणून ते म्हणाले, “मी वस्तू घ्या म्हटलं होतं हो. माणसांच्या वाटेला मी स्वतः जात नाही आता.” मग कळलं की त्यांनी बायकोच्या घोरण्यावर एक हायकू केला होता आणि तो मंडळात वाचलाही होता. तेव्हापासून त्या बाईंनी आमच्यासमोर येणं बंद केलं होतं. पोहे दर वेळी सरच करत होते, म्हणूनच त्यात मीठ कमी असायचं. मला त्या बाईंच्या बंद दाराकडे बघून बरंच वाटलं, निदान एक तरी घर आमच्यासारखं होतं. सल्ला म्हणावा असा त्यांच्याकडे काहीच नव्हता. चहा घेऊन मी परत आले.

बारशाच्या दिवशी मी स्वयंपाकघरात घुगऱ्या ढवळत बसले. बाहेर बायका जमल्या होत्या, पाळण्याला झेंडूची माळ होती, आंटी जरीचा दुपट्टा घेऊन पुढे बसली होती. मी ठरवलं होतं की बाहेर यायचंच नाही. नाव माझ्याजवळ आहे ते माझ्याजवळच राहू दे. कल्याणच्या ताईला जे सुचेल ते ती ठेवेल, आणि मी त्या मुलाला जन्मभर बाळच म्हणेन. डोळ्यांत पाणी येत होतं आणि ते मिरच्यांमुळे नव्हतं.

पण कल्याणची ताई पडली रीतीभातीची. तिला दादानं कारण काही सांगितलं नसावं. ती पाळण्याजवळ गेली आणि मी तिथे नाही हे बघून म्हणाली, सख्खी आत्या घरात असताना मी कशी वाकू? मला पाप लागेल. बायकांनी मान डोलावली. कोणीतरी मला हात धरून बाहेर आणलं. पदराला हात पुसत मी पाळण्याशी आले तेव्हा मावशी माझ्याकडे रोखून बघत होती. मी तिच्याकडे बघितलंच नाही. तीच एक अडवणारी, तिला डावललं की झालं, असं माझ्या मनात होतं. मी वाकले.

बाळाच्या कानावर हात होता.

हात वहिनीचा होता. ती पाळण्याच्या डोक्याशी बसली होती आणि तिनं तळवा कानावर दाबून धरला होता. मावशी हळूच म्हणाली, “सोड गं, बाय.” वहिनीनं सोडला नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं, त्या महिन्यात पहिल्यांदाच सरळ पाहिलं, आणि म्हणाली, “ताई, मोठ्यानं सांगा. सगळ्यांना ऐकू जाईल असं.”

आंटी खरं बोलली होती. मावशीवर राग धरणं सोपं होतं, ती चार दिवसांची पाहुणी. पण रोज शेगडी पेटवून ठेवणारी, तीट मोठी करणारी, मी आले की बाळाला पदराखाली घेणारी ही होती. आईला तिनं फक्त बोलायला पुढे केलं होतं. वाटलं, सरळ उठावं, चपला घालाव्यात आणि निघून जावं. नाव असं ओरडून सांगत नसतात. पण त्या तळव्याखाली तो होता, आणि हिचा एक असाच, नाव नसलेला, गेला होता. मी निघून गेले असते तर हा आणखी किती दिवस तसाच राहिला असता, कोण जाणे.

मी ताठ उभी राहिले आणि नाव मोठ्यानं सांगितलं. एकदाच, स्पष्ट. कानात सांगायच्या आधी नाव बोलून दाखवलेलं त्या खोलीत कोणी कधी पाहिलं नव्हतं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कल्याणच्या ताईनं तोंडावर हात घेतला.

वहिनीनं ते नाव स्वतःशी म्हटलं. मग पुन्हा म्हटलं, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून, त्याला दुसरं काही चिकटलेलं नाही ना हे बघत असल्यासारखं. मग तिनं हात उचलला.

“आता कानात सांगा,” ती म्हणाली.

मी वाकले. कान तिच्या हातानं गरम झाला होता. त्यात मी नाव सांगितलं, आणि धपाटे पडायला लागले, पहिला मावशीचा. मी उठले तेव्हा वहिनी रडत होती आणि बाळाला माझ्या हातात देत होती. मी घेतलं. पण ओठ घट्ट मिटून घेतलं, आणि तो माझ्या हातात होता तोवर वहिनी माझ्या ओठांकडेच बघत होती. आता त्याला स्वतःची मुलं आहेत. त्याच्यावर मी त्यानंतर एकही हायकू केलेला नाही.